आजी, बटण कोण बंद करतंय?

मंगळवार पेठेतल्या एका घराची कंप्लेंट आमच्या फायबर इंटरनेटच्या ऑफिसात इतकी मुरली होती, की तो नंबर स्क्रीनवर आला की पोरं ती एकमेकांच्या अंगावर ढकलायची. तक्रार एकच, संध्याकाळी नेट जातं. पॅचकॉर्ड बदलून झाली होती, राउटर बदलून झाला होता, वाय-फायचा चॅनेल १ वरनं ६ वर, ६ वरनं ११ वर फिरवून झाला होता. शेवटी सेल्सच्या एका पोरानं ४० एमबीपीएस स्पीडचा प्लॅन १०० चा करून दिला, तोही वर्षभराचा आगाऊ. व्हिडिओ कॉलला २-३ एमबीपीएस पुरतात हे त्याला ठाऊक नसावं, असं मी धरून चालतो. ठाऊक असेल तर मग बोलायलाच नको.

घरात शिरलं की आम्ही आधी राउटरचे लाइट बघतो, मग फायबरची हिरव्या तोंडाची कॉर्ड काढून पॉवर मीटरला लावतो, तो फायबरमधनं येणारा उजेड मोजतो. आकडा मायनस ८ ते मायनस २७ डीबीएमच्या मधे असला की राउटरला उजेड पुरतो. इथं मायनस २०. जुन्या घरात, वायरिंग कोपऱ्याकोपऱ्यातनं फिरवून हा आकडा मिळतोय म्हणजे जॉइंट मारणाऱ्यानं काम मन लावून केलंय. लाइनला नाव ठेवायला जागाच नव्हती.

ऑफिसनं तर निकाल आधीच लावून टाकला होता. राउटरची वीज गेली की बंद पडता पडता तो आत उरलेल्या चार्जवर वरच्या ओएलटीला, म्हणजे सगळ्या घरांच्या फायबर जिथं येऊन मिळतात त्या आमच्या मशीनला, एक शेवटचा निरोप धाडतो, की माझी वीज गेली. त्याला डाइंग गॅस्प म्हणतात. फायबर तुटली तर हा निरोप येत नाही, थेट सिग्नल गेल्याचं दिसतं. या घराच्या लॉगमधे रोज संध्याकाळी डाइंग गॅस्प. तेवढ्यावरनं शेरा मारला, 'ग्राहक स्वतः राउटर बंद करतात.' लॉग खरं तेच सांगत होता, वाचणाऱ्यानं मधे माणूस घुसवला. वर कॉल सेंटरच्या मुलीनं फोन करून विचारलं, "आजी, बटण कोण बंद करतंय?"

त्यामुळं मी दारात उभा राहिलो तेव्हा आजींनी पहिल्यांदा बटणच दाखवलं. त्यावर चिकटपट्टी मारून ठेवली होती.

"बघ बाबा, हात तरी लागतोय का कुणाचा?"

"आजी, मी बटणासाठी आलोच नाही. कधी जातंय ते सांगा."

"आरं, मी सोप्यात बसून बोलले तर काय होत नाही. पण सोप्यात माझ्या पोराचा टीव्ही असतोय, मग नातीचा जर्मनीचा फोन आला की मी माजघरात जाते. तिथं गेले की जातंय बघ. सगळ्यांना हेच सांगितलं मी."

खरंच सांगितलं असणार. पण आमच्या तिकिटात तीनच पर्याय आहेत, बंद, स्लो, वारंवार तुटतं. 'माजघरात गेलं की' हे कुठं टाकायचं? आणि आमची पोरं तपासणी कशी करतात, तर राउटरला खेटून उभं राहायचं, मोबाइलवर स्पीड टेस्ट मारायची, फोटो काढायचा, तिकीट क्लोज.

मी आजींच्या मुलाला टीव्हीवर मॅच लावायला सांगितली, आजींना माजघरात पाठवून नातीला फोन लावायला लावला आणि स्वतः शोकेससमोर उकिडवा बसलो. थोड्या वेळानं सगळे लाइट एका झटक्यात गेले. मग एकटा पॉवर पेटला, पाठोपाठ पॉन, म्हणजे फायबर जुळल्याचा लाइट, मिचमिचायला लागला. फायबरचा दोष असता तर पॉवर तसाच राहून एलओएस, म्हणजे सिग्नल गेल्याचा लाइट, लाल झाला असता. हा चक्क रिस्टार्ट होता. आतनं आजी ओरडल्या, "गेलं, गेलं! बघितलंस न्हवं?" नेट गेल्यावर इतका आनंद झालेलं गिऱ्हाईक मी अजून बघितलेलं नाही.

आता उरला अडॅप्टर. तो शोकेसच्या मागं, भिंतीच्या सॉकेटमधे. राउटर बदलणाऱ्यानं नवा राउटर वर ठेवला आणि जुन्याच अडॅप्टरची पिन त्यात खुपसली, कारण शोकेस ओढायचं म्हणजे आतली भांडी आधी उतरवायला लागतात. नव्या राउटरचा अडॅप्टर खोक्यात तसाच, पिशवीसकट. ते खोकं आजींनी रबर लावून कपाटावर जपून ठेवलं होतं.

सरळ तो लावून निघता आलं असतं, पण मग ऑफिसात 'बटण'च राहिलं असतं. आम्ही भांडी उतरवली. जुन्या अडॅप्टरवर छापलंय १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. व्होल्टचा मीटर लावला तर १२.२, एकदम ठणठणीत. असं ओझं न टाकता नुसतं मोजून काही कळत नाही, म्हणून मी बॅगेत मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब बाळगतो, त्याला राउटरचं सॉकेट डकवलंय. तो पाऊण अँपिअरच्या थोडा वर ओढतो, म्हणजे या अडॅप्टरला निम्मंच ओझं. बल्ब जोडला तर लालसर पेटला आणि मीटर ८ च्या आसपास लोळायला लागला. नव्या अडॅप्टरवर त्याच बल्बाला ११.९, हलायचं नाव नाही. जुना फोडला, तर आतल्या कॅपॅसिटरचं डोकं फुगलेलं, बुडाशी तपकिरी डाग.

रिकामा असताना राउटर कमी वीज खातो. मधे जाड भिंत आली की त्याला तोच डेटा सावकाश, परत परत पाठवायला लागतो, ट्रान्समीटर जास्त वेळ चालू राहतो. वरनं टीव्हीची मॅच. तेवढ्यात अडॅप्टर बसतो.

दोन्ही मीटरचे फोटो टाकून मी रिपोर्ट दिला. साहेब म्हणाले, "ग्राहकाकडील वीज, यात क्लोज कर." अडॅप्टर आमचाच होता, हे त्यांना दोनदा सांगितलं. प्लॅनचा फरक परत मिळणार नाही, वर्ष संपल्यावर बघू म्हणतात. आजींना हे सांगायचं काम माझ्याकडं. पहिला राउटर, जो धडधाकट होता, तो 'खराब' म्हणून गोडाऊनला गेला तो गेलाच.

ओएलटीवरच्या पोराकडनं मी एक यादी काढून घेतलीय. डाइंग गॅस्प आला, पण त्याच स्प्लिटरवरची (एका फायबरचे अनेक घरांसाठी फाटे करणारी डबी) शेजारची घरं त्या मिनिटाला चालू होती, अशी. म्हणजे गल्लीतली लाइट गेलेली नव्हती. यादी बरीच लांब आहे. त्यात महाद्वार रोडवरचं एक दुकान आहे, शेरा, 'मालक दुपारी जेवायला जाताना बटण बंद करतात.' मालकांना फोन केला तर म्हणाले, "मी डबा आणतो, दुकानातच जेवतो." उद्या बल्ब घेऊन तिकडं जाणार आहे.