सासवडचा मुक्काम चुकवू नका

संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला पायी निघणारे बहुतेक जण रोजची मजल किती किलोमीटरची आहे हे तोंडपाठ करून येतात. पालखी जिथे दोन रात्री थांबते तिथला मधला दिवस कसा घालवायचा, याचा विचार मात्र क्वचितच कोणी करून निघतो. पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात माउलींचा असाच मुक्काम असतो, पण नातेवाइकांच्या भेटी आणि शहरातली गर्दी यांत तो दिवस हातातून निसटतो. माझ्या मते खरी विश्रांती मिळते ती सासवडला, आणि ती मनापासून घ्यायला हवी.

पुणे ते सासवड हा सुमारे बत्तीस किलोमीटरचा टप्पा वाटेतला सर्वांत मोठा, त्यात दिवे घाटाची चढण, आणि हे चालणे बहुधा एकादशीलाच येत असल्याने कित्येकांच्या पोटात केवळ उपवासाचे पदार्थ असतात. नामाच्या गजरात घाट चढताना थकवा जाणवत नाही. पोटऱ्या आणि मांड्या खऱ्या बोलू लागतात त्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण सवयीपेक्षा जास्त श्रम झालेल्या स्नायूंचे दुखणे एक-दोन दिवसांनी शिगेला पोहोचते. नेमका त्याच दिवशी मुक्काम असतो, आणि त्यानंतरच्या जेजुरी व वाल्हे या मजला तुलनेने लहान आहेत. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या या क्रमात चालणाऱ्याच्या शरीराची केवढी काळजी घेतली गेली आहे, हे पाहून मला दरवेळी कृतज्ञता वाटते.

त्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी पायांकडे पाहावे. पावसात दिवसभर भिजलेली कातडी पांढरी पडून मऊ झालेली असते, आणि अशाच जागी फोड येतात. पाय स्वच्छ धुवून बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावेत, फोडावरची कातडी ओढून काढू नये, आणि जखम लाल होऊन ठणकत असेल तर संकोच न करता वैद्यकीय पथकाकडे जावे. आमच्या दिंडीतल्या एक वयस्कर माउली राहुटीत आडव्या होऊन पाय सामानाच्या वळकटीवर उंच ठेवतात, तासाभराने उठून टाचेपासून गुडघ्याकडे हलक्या हाताने तेल चोळतात, आणि शेजारच्या तरुण मुलींनाही तसेच करायला लावतात. पाय उंच ठेवल्याने सूज उतरते, हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. इतक्या वर्षांच्या वाटचालीतून ते त्यांच्या अंगवळणी पडले आहे.

दिवसभर नुसते पडून राहणेही बरे नाही. सांधे आखडतात, आणि पुढच्या पहाटे पहिली पावले टाकणे जड जाते. टँकरवर कपडे धुणे, ते राहुटीच्या दोरीवर वाळत घालणे, तुटलेल्या चपलेला टाके घालून आणणे, एवढी हालचाल पुरेशी होते. संत सोपानदेवांची समाधी सासवडलाच असल्याने दर्शनाची ओढ प्रत्येकाला असते. माउलींचा मुक्काम असतानाच सोपानकाकांची पालखीही इथून प्रस्थान ठेवते, आणि धाकट्या भावाच्या गावी थोरला भाऊ थांबला आहे ही भावना मन भरून टाकते. दर्शनाला अवश्य जावे. मात्र तासन्‌तास रांगेत ताटकळणे आज पायांना झेपणार आहे का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. झेपत नसेल तर कळसाला हात जोडून माघारी फिरण्यात काहीही उणे नाही.

दिंडीचा नित्यनेम या दिवशीही सुटत नाही. पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचे कीर्तन सारे वेळेवर होते, आणि तसेच व्हावे. मधली दुपार मात्र झोपेसाठी राखून ठेवावी, कारण रोज पहाटे उठून सामान ट्रकवर चढवण्याच्या घाईत झोपेची जी तूट साचते, ती भरून काढायला इतकी निवांत दुपार पुढे सहसा मिळत नाही.

रजा मोजकी असलेले अनेक जण दिवे घाट चढून सासवडहून रात्रीच घरी जातात आणि एक दिवसाआड थेट जेजुरीच्या वाटेवर येऊन मिळतात. त्यांची अडचण मी समजू शकतो. तरीही रजेचा एक दिवस कुठून तरी वाचवता येत असेल तर तो सासवडसाठी ठेवावा, आणि निघण्यापूर्वीच दिंडीप्रमुखांना तसे सांगून राहुटीत आपली जागा नक्की करावी.