सेंट थॉमस कॅथेड्रल: शाईचं काम सुरू

मुंबईच्या फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलचं पेन्सिल स्केच पूर्ण झालं, आता शाई चालू आहे. ही वास्तू टप्प्याटप्प्याने कशी वाढली ते रेषेतूनच कळावं, असा माझा हट्ट आहे. म्हणून प्रत्येक काळाला वेगळं पेन घेतलंय.

मूळ इमारतीला ०.५ मिमी टोकाचं. पायाभरणी १६७६ ची, गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियर यांच्या काळातली. पुढे काम रखडलं आणि अर्धवट भिंती चाळीसेक वर्षं तशाच उभ्या राहिल्या. अखेर पाद्री रिचर्ड कॉब यांनी वर्गणी जमवून ते तडीस नेलं. १७१८ च्या नाताळात चर्च प्रार्थनेसाठी खुलं झालं. या भागाला जाड, सावकाश रेषाच शोभते. भिंतीचं वजन त्यातूनच येतं.

मनोऱ्याला ०.१. १८३७ मध्ये चर्चला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा दर्जा मिळाला आणि पुढच्याच वर्षी मनोरा आणि घड्याळ आलं. जवळून पाहिलं की उभ्या रेषा वर जाता जाता आत झुकतात, त्यामुळे मी हॉर्निमन सर्कलच्या बाजूला मागे सरकून मापं घेतली. क्षितिजरेषा मुद्दाम खाली ठेवली आहे. मनोऱ्याची उंची आपोआप उठून दिसते.

वेदीकडचा भाग १८६० च्या दशकात जेम्स ट्रबशॉ यांच्या आराखड्यानुसार वाढवला. त्याला सेपिया, म्हणजे तपकिरी शाई. त्याच दशकात किल्ल्याचा तट पाडला गेला आणि चर्चकडे येणारा चर्चगेट दरवाजाही गेला. तो होता तिथे आज फ्लोरा फाउंटन आहे. तटाची ती रेघ स्केचच्या कडेला छोट्या नकाशात तुटक रेषेने दाखवतोय. प्रवेशासमोरचं कारंजंही सेपियातच: आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, देणगी कावसजी जहांगीर रेडिमनी यांची. त्याचं बारीक गॉथिक नक्षीकाम अख्खं काढलं तर मागचा दर्शनी भाग मरतो, म्हणून फक्त सावलीकडची बाजू भरली.

आतली संगमरवरी स्मारकं हे वेगळंच प्रकरण आहे. गव्हर्नर जोनाथन डंकन यांचं स्मारक मला सगळ्यात जास्त खेचतं; बालहत्या थांबवण्यासाठी त्यांनी केलेल्या कामाचा संदर्भ त्या शिल्पात आहे. पांढऱ्या भिंतीवर पांढरा दगड, तिथे बाह्यरेषा नकोच. कोरा कागद राखून फक्त फिकट राखाडी वॉशने, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाने आकार काढणार आहे. ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस, म्हणजे जाड आणि किंचित खरखरीत कागद कापून ठेवलाय. प्रार्थनेच्या वेळा टाळून, आधी परवानगी घेऊन बसेन.