तुम्ही विचारलंत म्हणून: बेंझिन सोडून पिंजरा कशाला?

महाप्याच्या आमच्या लॅबमध्ये रुजू झालेलं प्रत्येक पोर महिन्याभरात विचारतं, ठाणे-वाशी लोकलमध्ये भेटणारे जुने सहकारीही विचारतात: "मॅडम, बेंझिनची सहा कार्बनांची रिंग स्वस्त, हाताशी आहे. औषधाच्या रेणूत तिच्या जागी हे कार्बनचे महागडे पिंजरे कशाला?"

चपट्या रिंगा एकमेकींवर चळत लावल्यासारख्या बसतात, मग पाण्यात विरघळायला तयार नसतात. शिवाय लिव्हर त्यांच्यावर ऑक्सिजन चढवतं आणि कधीकधी त्यातून घातक पदार्थ तयार होतात. हे मी मनाचं सांगत नाही. २०१२मध्ये फायझरच्या लोकांनी एका रेणूतली रिंग काढून पाच कार्बनांचा पिंजरा, बीसीपी, बसवला. अॅक्टिव्हिटी, म्हणजे औषधाचा परिणाम, टिकली, विद्राव्यता वाढली.

तेच वाचून मी पेटले होते. आमचा रेणू बफरमध्ये, म्हणजे ठरावीक आम्लतेच्या पाण्यात, टाकला की दुधाळ व्हायचा. पाच महिने घालवले. बीसीपी ज्यापासून बनतो ते प्रोपेलेन करायचं, ईथरमध्ये थंड ठेवायचं, कमी पडलं की पुन्हा करायचं. शेवटी एका गुरुवारी बीसीपीवाल्या रेणूचा थेंब बफरमध्ये टाकला. काचेची छोटी वायल खिडकीपाशी धरली, हलवली, पुन्हा धरली. आत काही म्हणजे काही तरंगत नव्हतं. मी बेंचवरच्या सगळ्यांना बोलावून दाखवली.

पुढच्या आठवड्यात बायोलॉजीचा रिपोर्ट आला. अॅक्टिव्हिटी शून्याच्या जवळ.

औषध प्रोटीनच्या ज्या खिशात बसतं, तिथे आमची रिंग टायरोसीन नावाच्या एका अमिनो आम्लाला चिकटून बसायची, चपटी म्हणूनच. रिंगेच्या वर-खाली असतो तो इलेक्ट्रॉनांचा ढग पिंजऱ्याला नाहीच. शिवाय बेंझिनमध्ये समोरासमोरच्या कार्बनांत २.७९ अँगस्ट्रॉम अंतर, बीसीपीत जेमतेम १.८५, म्हणजे पलीकडचं टोकही आत ओढलं गेलं. क्रिस्टल स्ट्रक्चर माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. टायरोसीन मला दिसत होता. "क्युबेन घेतलं असतं तर?" असं मी तेव्हा मीटिंगमध्ये म्हटलं. क्युबेन म्हणजे आठ कार्बनांचा घन, त्याचा कर्ण २.७२ अँगस्ट्रॉम, अंतर जमलं असतं. ढग तरी कुठून आणला असता? प्रोजेक्ट बंद झाला. माझ्यासोबत राबलेल्या मुलीचेही ते पाच महिने गेले. तिला मी अजून नीट सांगितलेलं नाही की चूक तिच्या हाताची नव्हती.

म्हणून पिंजरे वाईट? नाही, हे मी मान्य करणार नाही. घाई माझी होती. पण "रिंग नुसती टेकू असेल तिथेच पिंजरा घाला" हे आज मी तुम्हाला ठणकावून सांगते, तेही पुरतं खरं आहे का, मला खात्री नाही. रिंग नुसता टेकू आहे हे आधी कळतंच कुठे?

सोमवारी पुन्हा प्रोपेलेन करायला घेतलंय. या वेळी रिंग खिशाच्या तोंडाशी, पाण्याच्या बाजूला आहे. वायल स्वच्छ दिसली तरी रिपोर्ट येईपर्यंत कोणाला बोलावणार नाही.