तिसरी पातळी

जपानमधल्या कुराशिकी शहरात राहायला आल्यावर नगरपालिकेत पत्ता नोंदवला, तेव्हा कागदपत्रांसोबत एक रंगीत नकाशाही हाती पडला. नदीचा बांध फुटला तर कोणत्या गल्लीत किती पाणी चढेल, हे त्यात दाखवलेले होते.

याच शहराच्या माबी भागात जुलै २०१८ मध्ये महापूर आला आणि पाणी जवळजवळ अशाच नकाशाबरहुकूम पसरले. ताकाहाशी नदी दुथडी भरून वाहत असल्याने तिला मिळणाऱ्या ओदा नदीचे पाणी मागे तुंबले आणि बांध फुटले. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना हा ‘फुगवटा’ समजावून सांगायला नको. काही ठिकाणी पाणी पाच मीटरच्या आसपास चढले. ५१ माणसे दगावली, त्यांतली बहुतेक वृद्ध होती आणि बरीचशी घरातच सापडली. नकाशा छापलेला होता, घर सोडण्याची सूचनाही दिली गेली होती. पण ती रात्री उशिरा आली, आणि मुसळधार पावसात दारे-खिडक्या लावलेल्या घरात रस्त्यावरच्या भोंग्याचे शब्द कळत नाहीत, हे मी स्वतः अनुभवले आहे.

२०१९ पासून जपानमध्ये धोक्याच्या पाच पातळ्या ठरल्या. तिसरीला वृद्ध, आजारी आणि अपंग यांनी निघायचे, चौथीला सगळ्यांनी. पाचवी म्हणजे सुखरूप बाहेर पडायची वेळ टळलेली. चौथ्या पातळीत आधी ‘सल्ला’ आणि ‘आदेश’ असे दोन शब्द होते. लोक आदेशाची वाट पाहत थांबत, म्हणून २०२१ मध्ये सल्ला काढूनच टाकला. एक शब्द वगळण्याची ही सुधारणा मला नव्या यंत्रांइतकीच मोलाची वाटते.

ज्यांना एकट्याने निघता येत नाही, अशा प्रत्येकासाठी स्वतंत्र आराखडा करण्याची जबाबदारीही त्याच वर्षी कायद्याने नगरपालिकांवर टाकली. आमच्या गल्लीतल्या शहाऐंशी वर्षांच्या आजींचा आराखडा एका पानात मावतो: रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, चाकाची खुर्ची, आसऱ्याला जायची शाळा. ‘मदतीला येणारे’ या रकान्यात दोन नावे आहेत, त्यांतले दुसरे माझे. जूनमधल्या सरावात त्यांच्या घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत एकोणीस मिनिटे लागली. त्यांतली सात तर नुसती बूट घालून उंबऱ्याची पायरी उतरण्यात गेली. त्यामुळे तिसरी पातळी जाहीर झाली, की फोन करत न बसता सरळ त्यांच्या दारात जायचे, असे आम्ही दोघा शेजाऱ्यांनी ठरवले आहे.