आधी नकाशा, मग यंत्र: पासाउ ते व्हिएन्ना सायकलवरून

पासाउला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या एकत्र येतात. तिथून व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाकाठाने सुमारे ३२० किलोमीटर सायकल चालवायची, असा आमचा बेत होता. आम्ही म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ, ज्याला मी दादा म्हणते. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या लांबलचक सायकलमार्गाचा हा एक तुकडा. वाट रुळलेली, जागोजागी पाट्या, शिवाय नदी सतत सोबतीला. "मग जीपीएस लागतोच कशाला?" असं बऱ्याच जणांनी विचारलं.

लागतो, कारण डॅन्यूबवर दिवसातून अनेकदा एकच प्रश्न समोर येतो: डावा काठ की उजवा? बहुतेक ठिकाणी दोन्ही काठांनी वाट आहे, पण पूल दूरदूर आहेत. मधल्या पट्ट्यात पलीकडे जायचं तर होडी शोधायची, नाहीतर जलविद्युत प्रकल्पाच्या धरणावरून जायचं. कुठला काठ कधी सोडायचा हे आधी ठरलेलं असलं, तर दिवस मजेत जातो.

दादाच्या सायकलच्या स्टेमवर, म्हणजे हँडलबार धरणाऱ्या दांडीवर, खास सायकलसाठी बनवलेलं जीपीएस यंत्र होतं आणि माझ्या हँडलबारवर फोन. दोन्ही शेजारीशेजारी वापरून बघायला मिळाले, म्हणून हे लिहितेय.

नवीन सायकलस्वार पहिला प्रश्न यंत्राचा विचारतो. गार्मिन घेऊ, वाहू घेऊ की हॅमरहेड? माझं ठाम मत आहे की आधी नकाशा बघा. कोमूट, ओस्मअँड, ऑरगॅनिक मॅप्स ही अ‍ॅप्स घ्या किंवा सायकलची बहुतेक यंत्रं घ्या, त्यांच्या नकाशाची माहिती मुळात ओपनस्ट्रीटमॅपमधून येते. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. जगभरातले लोक स्वतःच्या भागातले रस्ते, पायवाटा, पूल, पायऱ्या त्यात भरतात. सायकलवाल्याला हवी असलेली बारीक माहिती तिथे असते: रस्ता डांबरी आहे की खडीचा, शेतवाट असेल तर कितपत टणक, कुठे उतरून सायकल ढकलावी लागते, एकेरी रस्त्यावर सायकलला उलट दिशेने जायला मुभा आहे का. मोटारीसाठी केलेल्या नकाशाला यातलं फारसं काही लागत नाही, म्हणून तो आपल्याला मोठ्या रस्त्यावर नेऊन सोडतो.

माहिती एक असली तरी तिच्यातून वाट काढणारं गणित प्रत्येकाचं वेगळं. निघण्याआधी मी तोच प्रवास वेगवेगळ्या प्लॅनरमध्ये, म्हणजे वाट आखून देणाऱ्या साधनांत, टाकून पाहिला आणि दरवेळी रेघ वेगळी आली. बीराउटर या मोफत साधनात प्रोफाइल बदलता येतात. भटकंतीचं प्रोफाइल निवडलं की तो शांत वाटेसाठी थोडा वळसा घेतो, वेगाचं निवडलं की गुळगुळीत डांबराकडे झुकतो. स्ट्राव्हा या अ‍ॅपचा हीटमॅप, म्हणजे सायकलस्वार कुठून जास्त गेले ते दाखवणारा नकाशा, मी शेवटी उघडते आणि जपून वाचते. तिथे ठळक दिसणारा रस्ता पुष्कळ सायकलस्वारांचा असतो, पण त्यातले अनेकजण सामान न लादता भरधाव जाणारे असतात. पॅनियर, म्हणजे चाकाशेजारी टांगायच्या सामानाच्या पिशव्या, लावलेल्या सायकलला तोच रस्ता सोसेलच असं नाही.

अशी तुकड्यातुकड्याने तपासलेली रेघ मी जीपीएक्स (मार्ग साठवण्याचा एक फाइल-प्रकार) फाइल करून दोन्ही यंत्रांत भरली. इथे एक बारकावा आहे, जो पुष्कळांना प्रवासात निघाल्यावर कळतो. जीपीएक्समधला 'ट्रॅक' म्हणजे ओळीने मांडलेले नुसते बिंदू. 'पुढे डावीकडे वळा' ही सूचना त्यात नसते. यंत्राने स्वतःच्या नकाशावरून ती तयार केली तरच मिळते. 'रूट' म्हणजे मोजके थांबे, आणि त्यांना जोडणारी वाट यंत्र आपल्या मनाने काढतं. म्हणजे काळजीपूर्वक आखलेला मार्ग रूट म्हणून पाठवला, तर यंत्र तो पार बदलूही शकतं. आम्ही ट्रॅकच घेतला. वाट सोडली की आपोआप नवा मार्ग काढायचं सेटिंगही निघण्यापूर्वीच बंद केलं. रेघ सोडल्याचं यंत्राने सांगावं, पुढे काय करायचं ते आपण बघावं.

पासाउ जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात आहे. तिथून डाव्या काठाने गेलात तर योखेनस्टाइनच्या धरणापर्यंत जर्मनीतच राहता, उजव्या काठाने गेलात तर शहर सुटल्यावर लवकरच ऑस्ट्रिया लागतो. सीमा जाणवतही नाही. ऑफलाइन नकाशे मात्र देश-प्रदेशाप्रमाणे वेगळे उतरवावे लागतात, आणि एकच उतरवलेला असेल तर पडद्यावर अचानक कोरी जागा येते. बव्हेरिया आणि ऑस्ट्रिया दोन्ही नकाशे भरून घेतले होते, म्हणून मी फोन विमान मोडवर टाकला आणि निर्धास्त झाले. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, ही गोष्ट अजूनही कित्येकांना पटत नाही. फोन उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांपैकी निदान चार एकदम ऐकू आले की जागा आणि उंची ठरते. नेटवर्कचा उपयोग एवढाच की कुठला उपग्रह कुठे आहे ही माहिती त्यावरून पटकन मिळते आणि पहिली जागा लवकर सापडते. २ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे व्हायची. ते बंद झालं म्हणूनच सायकलच्या हँडलवर असलं काही लावण्यात अर्थ आला.

उघड्या आकाशाखाली साधा फोनही साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतो. श्लोगनच्या वळणावर त्याची कसोटी लागली. तिथे डॅन्यूब कठीण खडकात अडकून जवळजवळ उलटी फिरते. दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले उंच उतार, वर आकाशाची अरुंद पट्टी. दादा मागून म्हणाला, "अगं, तुझा फोन तुला नदीत दाखवतोय." खरंच माझा बिंदू पाण्यात सरकला होता. दरीत काही उपग्रह डोंगराआड जातात आणि उरलेल्यांचे संकेत कड्यांवर आपटून उशिरा पोचतात, त्यामुळे अंतराचं गणित चुकतं. दादाचं यंत्र दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणारं आहे, शिवाय जीपीएससोबत युरोपच्या गॅलिलिओ या यंत्रणेचे उपग्रहही धरतं. त्याची रेघ वाटेवरच राहिली. डोंगरात, दाट जंगलात किंवा उंच इमारतींमध्ये नेहमी फिरणार असाल, तर दोन फ्रिक्वेन्सींसाठी पैसे मोजावेत असं मी म्हणेन. मोकळ्या माळावर फरक दिसणारही नाही.

याच वळणावर उत्तरेच्या, म्हणजे डाव्या काठाची सायकलवाट मध्येच थांबते आणि सायकली होडीत चढवून पुढच्या टोकाला जावं लागतं. नकाशात होडी म्हणजे पाण्यावरची तुटक रेघ. प्लॅनर ती वाटेसारखीच धरतो, आणि बहुतेक प्लॅनर ती होडी संध्याकाळी किती वाजता बंद होते किंवा हंगाम संपल्यावर चालते का, हे बघत नाहीत. म्हणून मी प्रत्येक होडीच्या धक्क्यावर खूण टाकून त्यात वेळा लिहून ठेवल्या होत्या, आणि खुणेच्या अलीकडच्या पुलावरही एक खूण. ओटेन्सहाइमची होडी तर बघत राहावी अशी आहे. नदीवर आडव्या ताणलेल्या तारेला ती बांधलेली, आणि इंजिनाशिवाय, नुसत्या प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाते.

लिन्झच्या पुढे दोन्ही यंत्रांच्या चढाच्या आकड्यांवर आमची बरीच चर्चा झाली. वाट जवळजवळ सपाट, तरी माझ्या प्लॅनरने आधी भरपूर चढ दाखवला होता. प्लॅनर उंची घेतो ती जमिनीच्या उंचीच्या चौकटींवरून. त्यातली पुष्कळ माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीतली आहे, आणि एकेक चौकट ३० किंवा ९० मीटरची. कड्याच्या पायथ्याशी वाट जरा सरकली की बिंदू कड्याच्या चौकटीत पडतो आणि कागदावर चढ तयार होतो. दादाच्या यंत्रात हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे, तो अशा जागी फार खरा ठरतो. पण वादळ येऊ लागलं, दाब उतरला, की जागेवर उभं असतानाही तो आपण वर चढलो असं समजतो. त्यामुळे सकाळी निघताना ठाऊक असलेली उंची भरून घेणं बरं.

वादळ आलंच. ग्राइनच्या अलीकडे पावसाने गाठलं आणि माझ्या फोनचा पडदा निरुपयोगी झाला. थेंब पडले की त्याला बोटं वाटतात. नकाशा आपोआप मोठा होतो, लहान होतो, भलतीकडे सरकतो. दादाच्या यंत्राला बाजूने बटणं आहेत, हातमोजे घालूनही दाबता येतात. माझ्या मते फोन आणि खास यंत्र यांच्यात सगळ्यात मोठा फरक हाच. दुसरा फरक पडद्याचा. या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांचा पडदा उन्हाचा प्रकाश परतवून दिसतो, भर उन्हात उलट जास्त स्पष्ट. फोनला उन्हात दिसण्यासाठी स्वतःचा उजेड वाढवावा लागतो, बॅटरी पळते आणि फोन तापतो. फोन हँडलवर लावणार असाल तर हादरे शोषणारा माउंट घ्या. कॅमेऱ्यातली भिंगं स्थिर ठेवणारी यंत्रणा सततच्या हादऱ्यांनी बिघडू शकते. मोटरसायकलींच्या बाबतीत अ‍ॅपलने २०२१ मध्ये तसा इशाराही दिला होता. त्या पावसानंतर फोन पिशवीत गेला आणि पुढे मी त्याचा उपयोग थांबल्यावर मोठा नकाशा बघायला केला. त्या कामात मात्र फोनची बरोबरी दादाचं छोटं यंत्र करू शकत नाही.

वीज हा ज्याच्या त्याच्या प्रवासाचा प्रश्न. रोज रात्री प्लग मिळत असेल, तर १५ तास चालणारं कुठलंही यंत्र पुरतं. जिथे आठवडाभर प्लग दिसणार नाही तिथे पेन्सिल सेलवर चालणारं साधं हातातलं यंत्र अजूनही फार भरवशाचं. डायनॅमो हब, म्हणजे चाक फिरताना वीज तयार करणारा चाकाचा मधला भाग, बसवला असेल तर तो साधारण ३ वॅट देतो, पण चढावर वेग घटला की वीज तुटते आणि यंत्र सारखं चालू-बंद होतं. म्हणून हबने पॉवर बँक भरावी आणि पॉवर बँकेने यंत्र.

मेल्कच्या मठाखालून पुढे वाखाऊचं खोरं सुरू होतं, जे २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. इथे काठ निवडायला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. डाव्या काठाला श्पित्स, वायसनकिर्शन आणि ड्युर्नस्टाइन, जिथे इंग्लंडच्या राजा रिचर्डला ११९२ मध्ये कैदेत ठेवलं होतं. उजवा काठ निवांत. शेवटी डाव्यानेच गेलो, आणि फरसबंदी गल्ल्यांचे तुकडे नकाशाने आधीच दाखवले असल्याने टायरची हवा थोडी कमी केली. वाटेत एके ठिकाणी काम चालू होतं, वळणमार्गाची पाटी होती. यंत्र सारखं रेघ सोडल्याचं सांगत राहिलं. आम्ही पाटीचं ऐकलं.

व्हिएन्नात शिरताना नकाशाची खरी किंमत कळली. एकेरी रस्ते, त्यातल्या अनेकांवर सायकलला उलट जायची परवानगी, आणि ट्रामचे रूळ. दादाच्या यंत्राने आम्हाला नेमकं परवानगी असलेल्या गल्ल्यांतून नेलं, कारण कुणीतरी प्रत्येक गल्लीची पाटी वाचून ती माहिती नकाशात भरली होती.

त्या रात्री मी ओपनस्ट्रीटमॅपचं खातं उघडलं. वाटेत एका धक्क्याजवळ नकाशात सलग दाखवलेली वाट प्रत्यक्षात पायऱ्यांनी तुटलेली होती. तो तुकडा वेगळा काढून पायऱ्या म्हणून नोंदवला, बाजूला सायकल ढकलण्यासाठी असलेली पन्हळही लिहिली, आणि वळणमार्गाच्या जागी तारखेसह टिपण ठेवलं. दादा शेजारी बसून स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाच्या पुढचा नकाशा उघडत होता. तिथून बुडापेस्टपर्यंत डांबराच्या नोंदी कुठे कुठे नाहीत, हे तो मला एकेक करून दाखवत होता.