नाना नाही, नाना!

मी अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका लहान गावात. योजना १९७५ ची अन मी पण १९७५ चीच, फरक एवढाच की योजनेचे गुडघे दुखत नाहीत. इतक्या वर्षांत लेकरांच्या तोंडून काय काय ऐकलं ते लिहून ठेवलं असतं तर एक जाड रजिस्टर भरलं असतं, तसंही आम्ही सगळ्याच गोष्टींचं रजिस्टर भरतो, हेच तेवढं राहून गेलं.

चप्पलला पच्चल अन मोबाईलला बोमाईल हे तर घरोघरी आहे. आमच्याकडचं खास म्हणजे "बाई, माझं जवन झालं". आता हे जेवण झालं की वजन झालं, ते त्या दिवशी वजनकाटा बाहेर काढला आहे का यावरून ओळखायचं. एक पोट्टा खिचडीला तितली म्हणायचा. तपासणीला आलेल्या मॅडमनी त्याला लाडानं विचारलं, काय खाल्लं रे आज? तर म्हणे तितली, दोन वाट्या. मॅडमनी माझ्याकडं असं पाहिलं की मला आहाराचं रजिस्टरच पुढं करावं लागलं.

त्याच मॅडमची अजून एक गोष्ट. चित्रांचा तक्ता घेऊन एका पोरीला विचारलं हे काय, पोरगी म्हणे डोये. "डोळे म्हण." "डोये." "अगं, डोळे." "डोये." चारदा झालं. मग मॅडम मदतनीसला म्हणाल्या, हिची जीभ दाखवली का हो डॉक्टरला? मदतनीस म्हणे, "जीभ चांगली हाय मॅडम, डोयेच म्हनते न थे." मॅडम होत्या पुण्याकडच्या, त्यांचा दोष नाही. आमच्याकडं ळ चा य होतो, शाया, फय, कावया, मोठी माणसं पण तसंच बोलतात, म्हणजे पोरीनं आजीकडून जसं ऐकलं तसं बिनचूक म्हटलं होतं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला आता मराठी भाषेचं विद्यापीठ झालं आहे, तिथं तरी डोये पास व्हावेत.

खरं बोबडं वेगळं असते. प, ब, म, त, न ही अक्षरं लवकर जमतात, र अन ण सावकाश येतात, क चा त होतो, अन सगळ्यात गमतीचं म्हणजे एका शब्दात दोन वेगळी अक्षरं आली की लेकरू दोन्ही एकसारखी करून टाकते, जिभेला सोपं पडते म्हणून. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी माहीत असतं तर एका म्हाताऱ्याचं ओलीत बुडालं नसतं.

तर जानेवारी महिना, संक्रांत होऊन गेलेली, कापसाची वेचणी सुरू. अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या लेकरांची, पण वेचणीच्या दिवसांत आया सकाळी सात वाजताच वावरात जातात, मग मोठ्याच्या बोटाला धरून लहानगं पण येते अन आम्ही काही परत पाठवत नाही. छकुली तशीच. (तिचं नाव दुसरं आहे, मी इथं छकुली म्हणते.) तिला तीन पूर्ण व्हायला तीन महिने कमी होते.

त्या दिवशी मीच एक शहाणपणा केला. ताटात हरभरे, तुरीचे दाणे अन चिंचोके एकत्र करून दिले अन लेकरांना सांगितलं, वेगवेगळ्या वाटीत टाका. छान उपक्रम आहे, बोटांना वळण लागते, मोजणी होते, फोटो पण चांगला येतो. पोषण ट्रॅकरवर हजेरी भरायला मी मोबाईल घेऊन दाराशी उभी, कारण रेंज फक्त दारातच येते, अन पाच-सात मिनिटं माझी पाठ होती लेकरांकडं.

वळून पाहिलं तर छकुली कोपऱ्यात उभी, डोळ्यात पाणी, अन हळूच म्हणून रायली, "नाना."

आता तिच्या आज्याला सगळं गावच नाना म्हणते. मी म्हटलं आठवण आली असेल, मांडीवर घेतलं, येतील हं नाना, संध्याकाळी येतील. "नाना!" जरा जोरात. बिस्कीट दिलं, फेकलं. बाहुली दिली, फेकली. चेहऱ्यावर हात मारे अन नाना नाना करे, मला वाटलं डोळे पुसते. अर्ध्या तासात तिनं अशी रड धरली की बाकीची चार लेकरं पण काही कारण नसताना तिच्या जोडीला रडायला लागली, मग मात्र मी मदतनीसला म्हटलं, जा बाई, त्या म्हाताऱ्याला घेऊनच ये.

नाना वावरात गव्हाला ओलीत करत होते. ज्यांनी कधी ओलीत केलं त्यांनाच कळेल की लाईन असताना माणसाला मोटरपासून उठवून आणणं म्हणजे काय पाप आहे. तरी बिचारे आले, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, दारातूनच म्हणे, "काय झालं वो माय? म्या आलो ना."

छकुलीनं त्यांच्याकडं पाहिलं. क्षणभर थांबली. मग भोकाड पसरून म्हणे, "नाना नाही! नाना!"

नाना माझ्याकडं पाहे, मी नानाकडं पाहू. नाना म्हणे, "मी नाना नाई त कोन हाय?"

मी खाली वाकून विचारलं, तुला नाना पाहिजेत ना? "नाही! नाना!" अगं हे पाहा नाना. "नाना नाही, नाना!" असं पाच मिनिटं चाललं. तिच्या डोळ्यात तर असा राग की या मोठ्या माणसांना साधं मराठी कसं कळत नाही. नंतर माझ्या लेकीनं मला सांगितलं (ती डीएड करते) की हे जगभरच्या लेकरांचं आहे, १९६० मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी लिहून ठेवलं आहे, एक लेकरू माशाला फिशच्या ऐवजी फिस म्हणे, पण मोठ्या माणसानं फिस म्हटलं की चिडे, नाही, फिस! म्हणजे कानाला फरक बरोबर कळते, फक्त जिभेतून निघत नाही. त्याला वाटते आपण नीटच म्हटलं, तुम्हीच चुकीचं म्हणून रायले. आमच्या अंगणवाडीत तेच चाललं होतं, फक्त आम्हाला माहीत नव्हतं.

रडून रडून नाक भरलं तिचं, शेंबूड, उचक्या, अन मग अचानक शब्दच बदलला. "दादा. दादा."

मला हायसं वाटलं. म्हटलं चला, हिला दादा पाहिजे होता. तिचा चुलतभाऊ बाजूच्याच जिल्हा परिषद शाळेत तिसरीत आहे, एकच आवार आमचं. मधली सुट्टी होती, तो खिचडी खाता खाता तसाच आला, बोटं चाटत. छकुली त्याच्या गळ्यात पडली अन म्हणे, "दादा... दातात दादा."

"दातात?" मी म्हटलं. "दात दुखते का गं?"

पोट्टा माझ्याकडं असा पाहून रायला जसं मी काही अवघड गणित चुकवलं. "दाना म्हनते न बाई थे. नाकात दाना."

खोलीत एकदम शांतता. मी मोबाईलचा टॉर्च लावला, मान मागं केली तिची, अन उजव्या नाकपुडीत आत, चांगला आत, हरभऱ्याची पाठ दिसली. भिजून फुगलेली, चकचकीत.

"तुले कसं समजलं रे?" नानानं विचारलं.

"घरी बी तसंच म्हनते. आजीले 'नाना दे' म्हनलं का आजी शेंगदाने देते."

दाणा म्हणजे नाना. द चा पण न, ण चा पण न, काम सोपं. अन नाक पूर्ण बंद झाल्यावर न निघेना म्हणून त्याचा झाला दादा. नाकात दाणा म्हणजे दातात दादा. पोरगी दोन तासांपासून बरोबर रोग सांगत होती अन आम्ही तिचा एकेक नातेवाईक गोळा करत होतो.

मग सल्ले सुरू झाले. मदतनीसनं डोक्यातला आकडा काढलाच होता, मी हात धरला तिचा. दाराशी जमलेली एक बाई म्हणे तेल सोडा दोन थेंब. नानानं खिशातून तपकिरीची डबी काढली, म्हणे एक शिंक आली का बाहेर. मी म्हटलं नाना, शिंकेच्या आधी श्वास आत घेते लेकरू, दाणा तिकडंच गेला तर? एवढं एक ट्रेनिंगमधलं मला पक्कं आठवत होतं की कोरायचं नाही, पाणी टाकायचं नाही, धान्य असलं तर ते अजून फुगते. चिंचोके-हरभऱ्याचं ताट कोणी पाहायच्या आत मी पायानं टेबलाखाली सरकवलं, हे पण लिहूनच टाकते.

गावातल्या ऑटोत बसलो, मी, नाना, छकुली. प्राथमिक आरोग्य केंद्र सात किलोमीटर. वावर रस्त्यातच, तिच्या आईला हाक मारून बोलावलं, ती कंबरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली धावत आली, अर्ध्या दिवसाची वेचणी गेली तिची. रस्ताभर तिला काय झालं ते समजावता समजावता माझाच गोंधळ होत होता, नाना म्हणजे दाणा, हे नाना नाही, हे नाना बसले आहेत ते वेगळे.

डॉक्टर एक तरुण पोरगी होती, कोल्हापूरकडची. "काय झालं बाळाला?"

नाना घाबरलेले होते. म्हणे, "नाकात नाना गेला जी."

डॉक्टरनी पेन खाली ठेवला. "कोण नाना?"

असो. तिनं पाहिलं, म्हणाली चिमटा घालत नाही, गोल वस्तू चिमट्यानं मागं सरकते. आईला जवळ बसवलं अन सांगितलं, पापा घेतो तसं तिच्या पूर्ण तोंडावर तुमचं तोंड ठेवा, हवा बाहेर जाऊ द्यायची नाही, चांगली नाकपुडी मी बोटानं दाबते, अन एक जोरात फुंकर मारा. बाजूला बारीक आकडीसारखं अवजार पण काढून ठेवलं होतं तिनं, म्हणाली यानं झालं नाही तर ते, अन तेही नाही झालं तर यवतमाळला मेडिकलला पाठवावं लागेल. आई लाजली आधी, सासरा समोर. नाना भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

पहिल्या फुंकरीला काही नाही. दुसऱ्या फुंकरीला फट् झालं, दाणा आईच्या गालावर, सोबत जे यायचं ते सगळं आलंच. आईनं ते पुसलं पण नाही, पोरीला छातीशी धरून नुसती हसत होती, डोळ्यातून पाणी.

डॉक्टरनी दुसरी नाकपुडी पाहिली, दोन्ही कान पाहिले, म्हणाली एक सापडलं की बाकीची भोकं पण पाहावी लागतात. अजून एक सांगितलं, घड्याळाचा, खेळण्याचा बटन सेल असता तर तासाभराचा पण उशीर चालला नसता, तो आतून जाळतो. मग मी तिला तो नानाचा दादा कसा झाला ते सांगितलं, तर ती म्हणाली, सोपं आहे, नाक दाबून नाना म्हणून पाहा. मी दाबलं. ऑटोवाला आत येऊन उभा होता, त्यानं दाबलं. बाकावरच्या दोन बाया, खोकल्याचं औषध घ्यायला आलेला एक बुढा, सगळे नाक दाबून दादा दादा. नर्स आत आली अन तशीच परत गेली.

डॉक्टरनी दाणा कापसाच्या बोळ्यावर घेऊन छकुलीपुढं धरला. "काय आहे गं हे?"

छकुली एकदम मोकळ्या नाकानं, स्वच्छ आवाजात म्हणे, "नाना."

"ओ," नाना दारातून म्हणाले.

परत येताना ऑटोत कोणी बोलत नव्हतं, छकुली झोपली होती. लाईन तर केव्हाचीच गेली असणार. अर्ध्या रस्त्यात नानानं सुनेला विचारलं, "मंग मले काय म्हनते थे?"

ती पदराआड म्हणे, "तुमाले बी नानाच म्हनते जी."

"मंग फरक कसा समजावा?"

"दाना पाह्यजे असला का हात पुढं करते."

नाना जरा वेळ बाहेर पाहत बसले. मग म्हणे, "म्या त थो हात धरून तिले फिराले नेतो."