गाव हलवणारी माणसं: सेंट पिएर आणि मिकलोंचा प्रवास

कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर फॉर्च्यून नावाचं छोटं बंदर आहे. तिथल्या राजधानीहून, सेंट जॉन्सहून, तिथवर गाडीने चारेक तास लागतात. शेवटच्या टप्प्यात झाडं संपतात आणि दोन्ही बाजूंना ओसाड माळ, तळी आणि धुकं एवढंच उरतं. तिथून फेरीबोट सुटते आणि साधारण दीड तासात आपण फ्रान्समध्ये उतरतो. सेंट पिएर आणि मिकलों हा द्वीपसमूह पॅरिसपासून चार हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि कॅनडाच्या किनाऱ्यापासून जेमतेम 25 किलोमीटर. उत्तर अमेरिकेत फ्रान्सचं जे अफाट साम्राज्य होतं, त्यातले एवढे 242 चौरस किलोमीटर फ्रान्सकडे राहिले.

सेंट जॉन्सला राहणारी माझी मावसबहीण सोबत होती. तिला फ्रेंच येतं, म्हणून हा प्रवास नुसता बघण्यापुरता राहिला नाही. बोटीतून उतरताच पासपोर्टवर फ्रेंच शिक्का बसला, घड्याळ अर्धा तास पुढे करावं लागलं आणि पर्समधले डॉलर बाजूला ठेवून युरो काढावे लागले. धक्क्यावर गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘एसपीएम’ लिहिलेलं. बेकरीत लांबुळक्या पावांची चळत, आणि दुपारी बारा वाजले की दुकानांची दारं बंद. दोन तास कुणी काही विकत नाही; लोक घरी जाऊन निवांत जेवतात.

सेंट पिएर हे बेट अवघं 26 चौरस किलोमीटरचं, पण सहा हजारांच्या आतबाहेरच्या वस्तीतले बहुतेक सगळे इथेच राहतात, कारण बंदर इथे आहे. घरं लाकडी, लाल, पिवळ्या, हिरव्या, जांभळ्या रंगांची आणि एकमेकांना खेटून. प्रत्येक दारापुढे फुटपाथवर आलेली एक लाकडी खोली दिसते, माणूस उभा राहील एवढीच. तिला इथे ‘तांबूर’ म्हणतात. बाहेरचं दार उघडून आत यायचं, ते लावायचं, अंगावरचं बर्फ झटकायचं आणि मगच घराचं दार उघडायचं, म्हणजे वारा आत घुसत नाही. बुटांचा ढीग, मासेमारीचे रबरी कोट, बर्फाचं फावडं, सगळं तिथेच. एका घराचं बाहेरचं दार उघडं होतं. आत भिंतीवर पोरांची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, थेट छतापर्यंत गेलेल्या.

इथल्या माणसांची मुळं फ्रान्सच्या बास्क, ब्रिटनी आणि नॉर्मंडी या भागांतली. बेटाच्या झेंड्यावर तिन्हींची चिन्हं आहेत. गावाच्या मधोमध बास्क लोकांचं पेलोता खेळण्याचं मैदान आहे, 1906 साली बांधलेलं. उंच भिंतीवर चेंडू आपटण्याचा हा खेळ अटलांटिकच्या पलीकडून आला आणि टिकला. आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळी शाळकरी मुलं खेळत होती आणि दोन म्हातारे बाकावर बसून त्यांना जोरजोरात सूचना देत होते.

पण ही सगळी माणसं इथे सलग राहिलेली नाहीत, ही गोष्ट मला इथे आल्यावरच नीट कळली. 1763 च्या पॅरिस तहात फ्रान्सने कॅनडा गमावला आणि मासेमारीच्या आसऱ्यासाठी ही बेटं मागून घेतली. ब्रिटिशांनी अकाडीया प्रांतातून (आजचा नोव्हा स्कोशियाचा परिसर) हाकललेली फ्रेंच कुटुंबं मिकलोंला येऊन राहिली. 1767 मध्ये खुद्द फ्रान्सच्या राजानेच गर्दी झाली म्हणून त्यांना फ्रान्सला जायला सांगितलं, पुढच्या वर्षी परत येऊ दिलं. 1778 मध्ये ब्रिटिश आले, घरं जाळली, सगळ्यांना बोटीत घालून युरोपला धाडलं. 1783 मध्ये लोक परतले. 1793 मध्ये पुन्हा ब्रिटिश, पुन्हा हद्दपारी. अखेर 1816 मध्ये काही कुटुंबं परत येऊन पोचली, ती कायमची. एकाच माणसाच्या आयुष्यात हे सगळं मावतं. लहानपणी मिकलोंला आलेली एखादी मुलगी म्हातारी होऊन तिसऱ्यांदा परतून त्याच किनाऱ्यावर उतरली असेल, आणि दर वेळी घर नव्याने बांधावं लागलं असेल. मला या एका गोष्टीपुढे इथलं बाकी सगळं कमी महत्त्वाचं वाटतं.

ईल-ओ-मारँ हे समोरचं चिमुकलं बेट. होडीने दहाएक मिनिटांत पोचतो. एके काळी इथे सहाशेहून जास्त लोक राहत. आता कायमचं कुणी राहत नाही. चर्च, नगरपालिकेची इमारत, शाळा जागच्या जागी आहेत; उन्हाळ्यात जुन्या मालकांची नातवंडं येऊन राहतात. गाडी नाही, दुकान नाही. घरांच्या मधल्या मोकळ्या जागांत गोल गुळगुळीत दगड पसरलेले आहेत. आधी वाटलं, समुद्रानेच आणून टाकलेत. पण ते माणसांनी मांडले आहेत, कॉड मासा सुकवण्यासाठी. आपले कोळी बोंबील वलांडीवर टांगतात. इथे चिरून, खारवून, धुतलेला कॉड या दगडांवर पसरत. संध्याकाळी उचलून चळत लावायची, कातडीची बाजू वर, म्हणजे दव आत मुरत नाही. सकाळी पुन्हा पसरायचं. पावसाचा थेंब दिसला की पुन्हा गोळा करायचं. हे काम करायला ब्रिटनीतून मुलं आणत, तेरा-चौदा वर्षांची, एका हंगामाच्या करारावर. त्या दगडांवरून मी थोडी चालले तर पाय मुरगळायला लागला. ती मुलं लाकडी तळव्यांच्या जोड्यांत दिवसभर वाकून हेच करत होती.

बेटाच्या टोकाला ‘ट्रान्सपॅसिफिक’ या मालवाहू जहाजाचा गंजका सांगाडा आहे. 1971 च्या मे महिन्यात ते इथे खडकावर चढलं. या पाण्यात फुटलेल्या जहाजांची संख्या शेकड्यांनी मोजतात.

बंदराजवळच्या मासेमारीच्या रंगीत लाकडी खोपटांत जुन्या सपाट बुडाच्या ‘डोरी’ होड्या जपणारी एक संस्था आहे. तिथल्या एका काकांनी आम्हाला होडी पाण्याबाहेर ओढायचं लाकडी चक्र फिरवून दाखवलं आणि मग कॉडबद्दल बोलायला लागले. 10 जून 1992 रोजी न्यूयॉर्कमधल्या लवादाने फ्रान्स आणि कॅनडा यांच्यातल्या समुद्राच्या भांडणाचा निकाल दिला. सेंट पिएरच्या वाट्याला दक्षिणेकडे 200 सागरी मैल लांब आणि फक्त साडेदहा मैल रुंद पट्टी आली. नकाशावर ती पाहिली की लोक तिला ‘बागेत’, म्हणजे तो लांब पाव, का म्हणतात ते लगेच समजतं. त्यानंतर महिनाभरात कॅनडाने संपत आलेल्या कॉडच्या मासेमारीवर बंदी आणली, आणि पुढच्या वर्षी ती या बेटांभोवतीच्या पाण्यालाही लागली. चार शतकं ज्या माशावर गाव जगलं, तो दोन वर्षांत गेला. काका बोलत असताना बहीण मध्येच थांबली आणि मला म्हणाली, “ताई, ते म्हणतायत, समुद्र समोर होता आणि आम्ही पगाराची वाट बघत बसलो.”

तो पगार मुख्यतः सरकारी. कारभार समजून घ्यायला आम्ही बराच वेळ दिला, कारण एवढ्याशा लोकांसाठी एवढी यंत्रणा मी कुठे पाहिली नव्हती. फ्रान्सचं सरकार इथे प्रीफे, म्हणजे आपला प्रतिनिधी प्रशासक, नेमतं. पोलीस, न्याय, परराष्ट्र हे त्याच्या बाजूचं. इथल्या लोकांनी निवडलेली प्रादेशिक परिषद 19 जणांची: सेंट पिएरचे 15, मिकलों-लांग्लाद या जोडबेटाचे 4. कर, जकात, नगररचना हे तिच्या हातात. खाली दोन नगरपालिका, दोन महापौर. पॅरिसच्या संसदेत एक खासदार लोकसभेत आणि एक सिनेटमध्ये. इथूनच निवडून गेलेल्या आनिक जिरार्दँ फ्रान्सच्या मंत्रिमंडळात पोचल्या, 2020 ते 2022 त्या सागरी खात्याच्या मंत्री होत्या. लोक फ्रान्सचे आणि म्हणून युरोपीय संघाचे नागरिक आहेत, पण बेटं स्वतः युरोपीय संघात नाहीत. दर्जाही सारखा बदलत गेला: 1976 मध्ये पूर्ण जिल्हा केलं, ते फारसं रुचलं नाही, 1985 मध्ये वेगळा दर्जा मिळाला. रुग्णालय चांगलं आहे, पण दुखणं मोठं असेल तर विमानाने सेंट जॉन्सला न्यावं लागतं. अठरा वर्षांची झाली की बहुतेक मुलं शिकायला फ्रान्सला किंवा कॅनडाला जातात. सगळीच परतत नाहीत.

कायदा दुरून येतो याचं सगळ्यात भयंकर उदाहरण इथल्या संग्रहालयात उभं आहे. 1889 मध्ये एका खुन्याला फाशीची नव्हे, गिलोटिनची, म्हणजे यंत्राने शिरच्छेदाची, शिक्षा झाली, कारण फ्रेंच कायद्यात तीच होती. बेटावर गिलोटिन नव्हतं. ते कॅरिबियनमधल्या मार्तिनिक या फ्रेंच बेटावरून जहाजाने मागवलं. उत्तर अमेरिकेत ते एवढ्या एकदाच वापरलं गेलं. मी त्याच्यासमोर जास्त वेळ उभी राहू शकले नाही.

अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा, 1920 ते 1933, हे बंदर दारूच्या गोदामांनी भरलं होतं. रिकाम्या खोक्यांच्या फळ्यांनी लोकांनी घरं बांधली. बंदी उठली आणि पैसा आला तसा गेला. मला त्यापेक्षा 1941 चा नाताळ जास्त भावला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनीकडून हरला होता आणि इथला कारभारी जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या विशी सरकारशी निष्ठावान होता. 24 डिसेंबरला ॲडमिरल म्यूझलिए लढा चालू ठेवणाऱ्या जनरल द गॉलच्या ‘स्वतंत्र फ्रान्स’ची जहाजं घेऊन आले, एकही गोळी न झाडता बेट ताब्यात घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी मतदान घेतलं. लोकांनी प्रचंड बहुमताने स्वतंत्र फ्रान्सची बाजू घेतली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल संतापले. पण या वेळी निदान गावाला कुणीतरी विचारलं होतं.

मिकलोंला जायला पुन्हा फेरीबोट. लांग्लाद आणि मिकलों ही दोन बेटं बारा-तेरा किलोमीटरच्या वाळूच्या पट्टीने जोडलेली आहेत. अठराव्या शतकात इथे पाणी होतं. वाळू साचत गेली आणि रस्ता झाला. त्यावरून गाडी जाते, दोन्हीकडे समुद्र, मध्येच मोकळे घोडे. पट्टीच्या उत्तर टोकाला एक खाजण आहे, तिथे ओहोटीला सील वाळूवर पडलेले असतात.

मिकलों हे सहाशे वस्तीचं गाव सपाट किनाऱ्यावर आहे, पाण्याच्या पातळीपेक्षा फारतर दोन मीटर वर. दोन्ही बाजूंनी समुद्र. डिसेंबर 2014 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष ओलांद इथे आले आणि पाणी वाढतंय हे उघडपणे बोलले. 2018 मध्ये पुराचा धोका मोजून नवी बांधकामं रोखणारे नियम आले. लोक चिडले: घर वाढवता येईना, विकलं तर कोण घेणार? महापौरांनी आणि गावकऱ्यांनी बैठकांमागून बैठका घेतल्या आणि गावच उचलून दीडेक किलोमीटरवरच्या उंच जागी न्यायचं ठरवलं. जुनं घर सरकार विकत घेणार, त्या पैशांत नवं बांधायचं, जुनं पाडायचं. जायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी स्वयंपाकघरात कॉडचा रस्सा वाढताना हे सगळं सांगितलं. त्यांची तयारी आहे, भावाची नाही. भाऊ म्हणतो, आजोबांनी बांधलेल्या घरातून मी उठणार नाही. त्यांचं म्हणणं असं की आजोबांच्या आजोबांनीही घर उचलूनच इथे आणलं होतं. जेवणानंतर त्या आम्हाला नव्या जागेकडे घेऊन गेल्या. टेकाडावर खुंट्या ठोकलेल्या होत्या, दोऱ्या ताणलेल्या. त्यांनी आपल्या खिडकीची जागा पायाने आखून दाखवली: इथून बंदर दिसायला हवं, ते मी आधीच सांगून ठेवलंय.

जायचं असेल तर ऑगस्टच्या आसपास जा; जून-जुलैत धुक्यामुळे विमानं आणि बोटी दोन्ही अडकतात. बेटं शेंगेनमध्ये येत नाहीत, म्हणून भारतीय पासपोर्टवर व्हिसाची चौकशी आधीच करा, आणि कॅनडाचा व्हिसा परत येता येईल असा हवा. आणि मिकलोंला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ नका, तिथे मुक्काम करा. गावातले लोक बोलतात, पण जेवणानंतर.